जंगलात सापडलेली ती जुनी गाडी कोणती?

तुम्ही लिहिलंय की गाडीला नंबरप्लेट नाही, छप्पर गोलसर आहे आणि पुढचे दरवाजे उलटे उघडतात. ही शेवटची खूण फार मोलाची आहे. पुढच्या आणि मागच्या, दोन्ही दरवाजांच्या बिजागऱ्या मधल्या खांबावर असतील, तर ती बहुधा १९५० च्या दशकातली फियाट ११०० असणार, जिला आपल्याकडे प्रेमाने ‘डुक्कर फियाट’ म्हणायचे. पुढून पाहिलं की तो गोल फुगीर मुखवटा बघून नाव का पडलं ते लगेच कळतं.

दरवाजे नेहमीसारखे आणि अंग चौकोनी असेल, तर १९६० च्या दशकातली फियाट डिलाइट किंवा तिचाच पुढचा अवतार, १९७४ पासूनची प्रीमियर पद्मिनी. गंजलेल्या सांगाड्यावर या दोघींत फरक करणं कठीण जातं. तिथे नुसत्या आकारावर विसंबू नका.

खात्री हवी तर बॉनेट उघडून इंजिन आणि केबिन यांमधल्या पत्र्यावर धातूची पट्टी आणि ठोकलेला चॅसी क्रमांक, म्हणजे त्या गाडीचा स्वतःचा ओळख क्रमांक, शोधा. ब्रशने हलकेच माती काढा, खरवडू नका, आकडे जातील. फोटो तिरप्या उजेडात घ्या. आसपास नंबरप्लेट सापडली आणि तिच्यावर ‘एमएच’ व जिल्ह्याचा आकडा नसून नुसती तीन अक्षरं असली, तर ती १९८८ च्या मोटार वाहन कायद्याआधीची नोंदणी.

आत हात घालण्याआधी काठीने आपटा, सापांना अशी जागा फार आवडते. आणि कृपा करून एकही सुटा भाग घरी आणू नका. आधी वनखात्याला आणि पोलीस ठाण्यात कळवा.