दादांची व्हिक्टोरियन चित्रं : एकगठ्ठा द्यावीत, लिलावात काढावीत की नाशिकला आणावीत?

प्रश्न : माझे थोरले भाऊ 1974 पासून बर्मिंगहॅमजवळ डॉक्टर होते. अविवाहित होते, गेल्या वर्षी वारले. मृत्युपत्रात काही देणग्या सोडून 'बाकी सर्व' मला दिलं आहे. घर विकलं गेलं, तिथला वारसाकर भरून झाला. राहिली आहेत ती त्यांनी जमवलेली 38 चित्रं : 27 जलरंगातली, 11 तैलरंगातली, सगळी राणी व्हिक्टोरियाच्या काळातली. प्रोबेटसाठी (मृत्युपत्राला तिथल्या कोर्टाची मान्यता) त्यांची किंमत 46,000 पौंड धरली होती. एक चित्रविक्रेता सगळ्यांचे मिळून 30,000 पौंड लगेच द्यायला तयार आहे. सॉलिसिटर म्हणतात, लिलाव करा. मुलगा म्हणतो, विकूच नका, इकडे आणा, चित्रांचे भाव चढतच जातात. मी 61 वर्षांची निवृत्त शिक्षिका आहे. पेन्शन आहे, राहतं घर आहे, 22 लाखांच्या ठेवी आहेत. दोन चित्रं मात्र दादांची आठवण म्हणून ठेवायची इच्छा आहे. काय करू?

उत्तर : ताई, मुलाच्या मुद्द्यापासून सुरुवात करते, कारण तो मान्य केला तर बाकीचं गणित करायची गरजच नाही.

मार्च 2025 मध्ये न्यूयॉर्कला हुसेन यांचं 'ग्रामयात्रा' 1 कोटी 37 लाख डॉलरला गेलं. तेव्हापासून घरात एखादं जुनं चित्र असलेला प्रत्येक जण हिशेब मांडून बसला आहे. पण हुसेन, गायतोंडे, तय्यब मेहता या आपल्याकडच्या चित्रकारांचा बाजार वेगळा. तो आपल्याकडच्या नव्या श्रीमंतांनी वर नेला आहे. दादांकडची चित्रं ज्या बाजारातली आहेत, त्याचे गिऱ्हाईक म्हणजे इंग्लंडमधली मोठ्या घरांतली, भिंतभर चित्रं लावणारी पिढी. ती पिढी सरते आहे. त्यांच्या मुलांना लहान फ्लॅटमध्ये सोनेरी चौकटीतल्या गाई-मेंढ्या आणि स्कॉटलंडचे धुकट डोंगर नको आहेत. त्यामुळे अगदी वरच्या दर्जाचं व्हिक्टोरियन चित्र आजही जोरात जातं, पण मधल्या दर्जाचं चित्र वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या भावाला आज क्वचितच विकलं जातं. दादांच्या फायलीतल्या नव्वदच्या दशकातल्या पावत्या मूल्यांकनाशेजारी ठेवून बघा. पाच-सहा चित्रं सोडली तर आकडा खाली आलेला दिसेल, आणि यात मधल्या काळातली महागाई धरलेलीच नाही.

या चित्रांचा इतिहासच मोठा लहरी आहे. आल्मा-टाडेमा या व्हिक्टोरियन चित्रकाराचं 'द फाइंडिंग ऑफ मोझेस' 1904 मध्ये 5,250 पौंडांना रंगवून घेतलं गेलं. 1960 च्या लिलावात त्याला धड कुणी वाली मिळाला नाही. 1995 मध्ये ते अठ्ठावीस लाख डॉलरच्या आसपास गेलं आणि 2010 मध्ये साडेतीन कोटी डॉलरच्या वर. मुलगा बहुधा शेवटचा आकडा सांगेल. मी मधल्या छप्पन्न वर्षांकडे बोट दाखवेन. मध्ये काही काळ हेच चित्र अमेरिकन टीव्हीवरच्या 'कँडिड कॅमेरा'वाल्या अ‍ॅलन फंट यांच्याकडे होतं. त्यांनी आल्मा-टाडेमाची 35 चित्रं जमवली होती, पण त्यांच्या हिशेबनिसाने पैशांची अफरातफर केली आणि 1973 मध्ये सगळा संग्रह लिलावात काढावा लागला. चित्रं तीच होती, फक्त विकायची वेळ त्यांच्या हातात राहिली नाही. वय 61, पेन्शन आणि 22 लाखांच्या ठेवी असलेल्या व्यक्तीने भाव फिरायची वाट पाहण्यात पैसे अडकवू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता चित्रं इकडे आणण्याबद्दल. भाडं, विमा आणि कस्टम्स हा खर्च आहेच, पण खरी अडचण कायद्याची आहे. आपल्या 1972 च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांहून जुनं चित्र पुरावस्तूत मोडतं आणि पुरावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणजे ही चित्रं एकदा नाशिकला आली की लंडनचा बाजार त्यांना जवळजवळ कायमचा बंद. इथे गिऱ्हाईक कोण? केंटमधल्या झोपडीवजा घराच्या जलरंगचित्राला आपल्याकडे हौशी माणूस मिळेल, पण भाव मिळणार नाही. शिवाय जलरंगाचा कागद उन्हाने फिका पडतो आणि दमट हवेत त्याच्यावर तपकिरी ठिपके येतात. आपल्याकडे दोन्ही मुबलक आहे.

तेव्हा विकायची, हे ठरलं. पण विकणार कोण? मला तुमच्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हा वाटतो, आणि त्याबद्दल तुम्हाला कुणीच काही सांगितलेलं दिसत नाही.

समजा एक्झिक्युटरने (मृत्युपत्राची अंमलबजावणी करणाऱ्याने) चित्रं तुमच्या नावे वर्ग केली आणि मग तुम्ही ती विकली. तुम्ही भारतातल्या रहिवासी आहात, म्हणून विक्रीवरचा भांडवली नफा भारतात करपात्र. घरातल्या इतर चीजवस्तूंना जी सूट असते ती चित्रांना नाही. आपल्या कायद्याने चित्रं, शिल्पं, दागिने त्यातून मुद्दाम वगळले आहेत. इंग्लंडमध्ये माणूस गेला की वस्तूची किंमत मृत्यूच्या दिवशीच्या बाजारभावाने नव्याने धरतात. आपल्याकडे तसं नाही. आपल्याकडे तुमची खरेदी किंमत म्हणजे दादांची खरेदी किंमत. एप्रिल 2001 आधीची खरेदी असेल तर 1 एप्रिल 2001 चा बाजारभाव घेता येतो, त्यासाठी मूल्यांकनकाराचा दाखला लागतो. कर साडेबारा टक्के आणि 23 जुलै 2024 पासून खरेदी किमतीत महागाई धरून वाढ मिळत नाही. तुम्ही म्हणाल, भाव तर पडलेत, मग नफा कुठला? नफा रुपयाने केलेला. 2001 मध्ये पौंड साधारण 66 रुपयांना होता, आज 110 च्या वर आहे. पौंडात एक पैचा फायदा नसलेलं चित्र रुपयांत दणदणीत नफ्यात दिसेल आणि त्यावर कर बसेल.

शिवाय चित्रं तुमच्या नावावर इंग्लंडमध्ये पडून राहिली तर दरवर्षी विवरणपत्रात परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवावी लागतील. जंगम मालमत्ता वीस लाखांच्या वर असून ती दाखवायची राहिली, तर दहा लाखांचा दंड होऊ शकतो. तुमची चित्रं त्या मर्यादेच्या बरीच वर आहेत.

याउलट दादांच्या मालमत्तेची व्यवस्था चालू असतानाच एक्झिक्युटरने, मालमत्तेच्या वतीने, चित्रं विकली आणि तुम्हाला पैसे पाठवले तर तुमच्या हातात येतो तो वारसा. वारसा कितीही मोठा असला तरी ते आपल्याकडे उत्पन्न धरत नाहीत. इंग्लंडमध्ये एक्झिक्युटरला नफ्यावर 24 टक्के कर आहे, पण तो प्रोबेटच्या किमतीच्या वर मिळालेल्या रकमेवरच. त्यातही 6,000 पौंड किंवा कमी किमतीला गेलेल्या वस्तूच्या नफ्यावर तिथे कर नाही, आणि मृत्यूचं करवर्ष धरून पुढच्या दोन वर्षांपर्यंत एक्झिक्युटरला दरवर्षी 3,000 पौंडांची सूट आहे. तुमच्या 38 पैकी पाच महागडी सोडली तर उरलेली 33 चित्रं पहिल्याच नियमात सुटतात.

हे जमतंय याचं कारण मृत्युपत्रातले 'बाकी सर्व' हे शब्द. चित्रं वेगळी नमूद करून तुमच्या नावे ठेवली असती तर एक्झिक्युटरने केलेली विक्री ही तुमचीच विक्री, असं म्हणायला वाव होता. म्हणून सॉलिसिटरना आजच लेखी कळवा : चित्रं माझ्या नावे वर्ग करू नका, मालमत्तेतूनच विका. एक्झिक्युटरचा अंतिम हिशेब, प्रोबेट आणि मृत्युपत्राची प्रत तुमच्या सीएकडे द्या. पैसे बँकेत आल्यावर विचारणा होतेच, तेव्हा कागद हाताशी हवेत.

आता 30,000 पौंडांची ऑफर. मुलाला ती लूट वाटते. मला तशी वाटली नाही, कारण लिलावाचा खर्च लोकांना माहीत नसतो. हातोडा 1,000 पौंडांवर पडला, म्हणजे शेवटची बोली तेवढी लागली, असं धरा. खरेदीदार त्यावर लिलावगृहाला साधारण पाव हिस्सा प्रीमियम आणि त्या प्रीमियमवर 20 टक्के व्हॅट देतो, म्हणजे त्याच्या खिशातून 1,300 जातात. विकणाऱ्याकडून 15 टक्के कमिशन, त्यावर व्हॅट, फोटो आणि विम्याचे थोडे. त्याच्या हातात 800 पडतात. मधले 500 लिलावगृह आणि सरकार घेऊन जातं. या दराने 38 चित्रं मिळून 40,000 पौंडांना गेली, तरी तुमच्याकडे 32,000 च्या आतच येतील. आणि सगळी जातील असं नाही. राखीव किमतीपर्यंत बोली न गेलेलं चित्र परत येतं, आणि लिलावात पडून राहिलेल्या चित्राची बातमी सगळ्या विक्रेत्यांना असते. पुढच्या वेळी त्याचा भाव आणखी उतरतो.

तरीही ती ऑफर आहे तशी घेऊ नका. तुम्ही पाठवलेल्या यादीत पाच चित्रं मिळून 27,000 पौंडांची आहेत : एडवर्ड लिअरचं हिंदुस्थानातलं जलरंगचित्र, हेलन अ‍ॅलिंगहॅमची बाग, बर्केट फॉस्टरची दोन, आणि एक समुद्रकिनाऱ्याचं तैलचित्र. उरलेली 33 मिळून 19,000. विक्रेता पाचांसाठी आला आहे. पाचांचे पूर्ण 27,000 धरले तर बाकीच्या 33 ला तो जेमतेम 3,000 पौंड देतो आहे, म्हणजे चित्रामागे नव्वद पौंड.

म्हणून ही पाच वेगळी काढा. लिअर 1873 ते 75 या काळात हिंदुस्थानभर फिरला. त्याच्या इथल्या चित्रांना इंग्रज गिऱ्हाईक तर आहेच, पण भारतीयही आता लंडनमध्ये त्यासाठी बोली लावतात. अ‍ॅलिंगहॅम ही 1890 मध्ये रॉयल वॉटरकलर सोसायटीची पहिली पूर्ण सभासद झालेली स्त्री, तिची गावाकडची घरं आजही चालतात. ही चित्रं लंडनच्या खास लिलावात गेली पाहिजेत. मोठ्या लिलावगृहांचे असे लिलाव वर्षातून साधारण दोनदा, उन्हाळ्यात आणि डिसेंबरच्या सुमारास होतात. चांगल्या मालावर विकणाऱ्याचं कमिशन घासाघीस करून खाली आणता येतं. ते छापील दर सांगतील, तुम्ही सॉलिसिटरमार्फत दोन ठिकाणांहून भाव मागवा.

बर्केट फॉस्टरबद्दल मात्र सावध राहा. त्याची 'बीएफ' ही गुंफलेली सही इतक्या जणांनी नक्कल केली आहे की कॅटलॉगमध्ये नावापुढे 'च्या शैलीतलं' असा एक शब्द वाढला तर किंमत दहाव्या हिश्श्यावर येऊ शकते. तज्ज्ञाचं मत लिलावाची तारीख ठरण्याआधी घ्या. दादांच्या पावत्या आणि चौकटीमागची जुनी लेबलं जशीच्या तशी चित्राबरोबर जाऊ द्या. कुणी कितीही सुचवलं तरी चित्र साफ करून घेऊ नका, चौकट बदलू नका.

उरलेली तेहतीस (त्यातली दोन घरी ठेवायची म्हटली तर एकतीस) बर्मिंगहॅमच्या आसपासच्या स्थानिक लिलावात, कमी राखीव किमतीने, दोन-तीन हप्त्यांत. एकाच दिवशी एकाच सभागृहात वीस सारखे डोंगर आले तर शेवटचे दहा कुणी बघत नाही. त्याच विक्रेत्याला विचारून बघा, पाच सोडून बाकीचे किती देतोस? आठ हजार म्हणाला तर त्यालाच देऊन टाका.

माझा अंदाज : पाच चित्रं सुमारे 27,000 ला गेली आणि कमिशन 10 टक्क्यांवर आणलं, तर व्हॅट जाऊन 23,700 च्या आसपास हातात. बाकीचे हातोड्यावर 12,000 आले, तर खर्च जाऊन नऊ-साडेनऊ हजार. एकूण 33,000 पौंड. विक्रेत्यापेक्षा तीन हजार जास्त, म्हणजे रुपयांत साडेतीन लाखांच्या घरात. त्यासाठी आठ-दहा महिने थांबावं लागेल. पैशांची निकड नसताना एवढं थांबणं मला परवडण्यासारखं वाटतं. बर्केट फॉस्टरची दोन्ही नकली निघाली तर मात्र हा फरक पुसला जाईल, तेव्हा तज्ज्ञाचं मत हाती येईपर्यंत विक्रेत्याला नकार कळवू नका, झुलवत ठेवा.

एक गोष्ट मुलाला सांगून ठेवा. चित्रं प्रोबेटच्या किमतीपेक्षा स्वस्तात गेली म्हणून भरलेला वारसाकर आपोआप परत मिळत नाही. घर आणि शेअर ठरावीक मुदतीत कमी किमतीला विकले गेले तर तिथे सवलत आहे, चित्रांना नाही. मुळात मूल्यांकनच चुकीचं होतं असं सिद्ध झालं तर सॉलिसिटर दाद मागू शकतात. तो वेगळा विषय.

पैसे आल्यावर तुमच्या वयाला ज्येष्ठ नागरिक बचत योजना आहेच. मर्यादा 30 लाख, सध्या 8.2 टक्के, म्हणजे दर तिमाहीला 61,500 रुपये, व्याज करपात्र. उरलेल्यातून वर्षभराचा खर्च बचत खात्यात राहू द्या. मुलाला चित्रांची खरंच हौस असेल तर त्याने स्वतःच्या पगारातून एखादं विकत घ्यावं.

आणि दादांची दोन चित्रं ठेवायची तुमची इच्छा आहे, तर जरूर ठेवा. पण यादीतली सगळ्यात कमी किमतीची निवडा, ज्यांच्याकडे बघून तुम्हाला दादा आठवतात अशी, आणि ती परत विकायची नाहीत असं धरूनच आणा. आणण्याचा खर्च आणि कस्टम्सचा आकडा आधी लेखी मागवा. नाशिकमध्ये ती खिडकीसमोर किंवा पावसाच्या माऱ्याच्या भिंतीवर लावू नका.