प्रश्न वाचकांचे : नेम अंगठ्याचा की मनगटाचा?

मागील अंकात व्हिडिओ गेमच्या कंट्रोलरच्या देखभालीविषयी लिहिताना जायरोचा, म्हणजे कंट्रोलर हातात किंचित फिरवून नेम धरण्याच्या सोयीचा, उल्लेख एका ओळीत उरकला होता. त्या ओळीवर एकट्या सोलापुरातून चार पत्रे आली, म्हणून या वेळचे सदर त्याच विषयाला दिले आहे. पहिले उत्तर बरेच लांबले आहे. इतर तिघांनीही ते आधी वाचावे, कारण पुढच्या उत्तरांचा पाया त्यातच आहे.

प्रश्न : स. न. वि. वि. मी चाळिशीतला असून गेली पंधरा वर्षे प्लेस्टेशनवर नेमबाजीचे खेळ दोन्ही अंगठ्यांनी, म्हणजे कंट्रोलरवरच्या दोन छोट्या दांड्या (स्टिक) कलवून खेळत आलो आहे. दिवाळीच्या सुट्टीत माझा भाचा आला होता. तो एरवी मोबाइलवर बीजीएमआय हा नेमबाजीचा खेळ जायरो लावून खेळतो. त्याने माझ्या यंत्रावर फोर्टनाइट या खेळात जायरो चालू केला आणि दोन दिवसांत लांबच्या नेमात तो मला मागे टाकू लागला. ही पळवाट आहे असे मी म्हणालो, तेव्हा त्याने विचारले, "मामा, गड्ड्यावर फुगे फोडताना तुम्ही बंदूक हलवता की नुसता अंगठा?" मला उत्तर सुचले नाही. पूर्वी एका मित्राकडे निन्टेन्डो वी वर रिमोट हवेत धरून खेळलो होतो, तेव्हा तासाभरात हात भरून आला होता. हा प्रकार खरोखर उपयोगाचा आहे, की नव्याची नवलाई आहे? — एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : आपल्या भाच्याने दाखला नेमका दिला आहे. (सोलापूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगायचे तर, गड्डा म्हणजे संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वर यात्रेत होम मैदानावर भरणारी जत्रा, तिथे छऱ्याच्या बंदुकीने फुगे फोडण्याचे स्टॉल असतात.) स्टॉलवर नळी जितकी वळवावी तितकाच नेम सरकतो आणि हात थांबला की नेमही थांबतो. स्टिकचे तसे नसते. स्टिक किती कलली आहे यावरून नेम किती वेगाने सरकावा एवढेच यंत्राला कळते. तो कुठे थांबावा हे आपण अंगठा नेमक्या क्षणी सोडून ठरवायचे असते. नळाची तोटी कमीजास्त सोडून तांब्या बरोबर खुणेपर्यंत भरावा, तसे ते काम आहे. धार आपल्या हातात असते, पातळी मात्र धार वेळेवर बंद केली तरच साधते.

हा फरक आकड्यांत पाहिला तर अधिक पटेल. समजा, स्टिक पूर्ण कलवल्यावर खेळातील दृश्य सेकंदाला १०० अंश वळते आणि शत्रू आपल्या नेमापासून १० अंशांवर आहे. मग अंगठा सेकंदाच्या बरोबर दहाव्या भागात परत यायला हवा. सेकंदाला ६० चित्रे दाखवणाऱ्या पडद्यावर तो काळ फक्त ६ चित्रांचा आहे. डोळ्यांनी पाहून हात हलवायला माणसाला साधारण त्याच्या दुप्पट वेळ लागतो. म्हणजे एवढे छोटे वळण पाहून दुरुस्त करता येत नाही, ते अंदाजाने करावे लागते आणि तो अंदाज अंगात मुरायला वर्षे जातात. तुमच्या अंगात तो पंधरा वर्षांत मुरला आहे, ही तुमची कमाई आहे आणि ती मी हलकी लेखत नाही. स्टिक कमी कलवून वेग उतरवता येतो हेही खरे, पण स्टिकचा सगळा प्रवास बोटाच्या पेरापेक्षाही लहान असतो आणि त्यातला मधला थोडा भाग यंत्र मुद्दाम दुर्लक्षित करते, जेणेकरून अंगठ्याचा नुसता स्पर्श हालचाल म्हणून धरला जाऊ नये.

जायरोमध्ये कंट्रोलर ५ अंश फिरवला तर नेम ठरलेल्या पटीत, समजा तिप्पट, म्हणजे १५ अंश सरकतो आणि तिथेच उभा राहतो. संगणकाचा माउस नेमका असाच वागतो. माउसवाल्यांपुढे स्टिकवाल्यांचा टिकाव का लागत नाही, या जुन्या वादाचे मूळही बहुतांशी इथेच आहे.

आता पळवाटेविषयी. स्टिकने खेळताना तुम्ही एकटे खेळत नसता. २००१ मध्ये आलेल्या हेलो या खेळाने दोन स्टिकची पद्धत घरोघरी रुळवली, त्यामागे एक न दिसणारी मदत होती: नेम शत्रूजवळ आला की त्याचा वेग आपोआप मंदावतो आणि शत्रू सरकला तर नेमही थोडा त्याच्यामागे ओढला जातो. यालाच एम असिस्ट म्हणतात आणि आज प्लेस्टेशनसारख्या कन्सोलवरील बहुतेक नेमबाजीच्या खेळांत ती असते. तिच्यात गैर काही नाही, कारण तिच्याशिवाय स्टिकने खेळणे फार कष्टाचे झाले असते. परंतु यंत्राचा हात धरून चालणाऱ्याने स्वतःच्या मनगटावर चालणाऱ्याला पळवाट काढणारा म्हणावे, हे मला पटत नाही. भाच्याची बाजू इथे वरचढ आहे.

वीचा अनुभव मात्र या हिशेबातून वगळावा. २००६ सालच्या त्या यंत्राच्या रिमोटला तोंडाशी इन्फ्रारेड कॅमेरा होता आणि टीव्हीजवळच्या पट्टीत नुसते इन्फ्रारेड दिवे होते. ते दिवे कॅमेऱ्याला कुठे दिसतात यावरून रिमोट कुठे रोखला आहे हे ठरत असे. त्यामुळे हात उचलून पडद्याकडे धरावा लागे आणि वळायचे झाले तर नेम पडद्याच्या कडेपर्यंत न्यावा लागे. हात भरून येणारच. त्या मूळ रिमोटमध्ये जायरोस्कोप नव्हताच. तो २००९ मध्ये मोशनप्लस नावाच्या जोडणीतून आला. आजच्या कंट्रोलरमध्ये तो आतच असतो: सतत कंप पावणारा एक अतिसूक्ष्म भाग कंट्रोलर वळताच बाजूला ढकलला जातो आणि त्या ढकलण्यावरून वळण्याचा वेग मोजला जातो. टीव्ही कुठे आहे याच्याशी त्याला देणेघेणे नाही. तुम्ही हात मांडीवर टेकवून, लोडाला रेलून खेळलात तरी चालते.

अडचण अशी की बहुतेक लोक जायरो चालू करतात, स्टिक वापरणे सोडून देतात आणि मागे वळण्यासाठी कंट्रोलर स्टिअरिंगसारखा फिरवू लागतात. तिसऱ्या दिवशी ते कंटाळून पुन्हा स्टिककडे वळतात. खरे पाहता दोन्हींची कामे वाटून द्यायची असतात. मोठे वळण स्टिकने घ्यावे आणि शेवटचे चार-पाच अंश मनगटाने भरून काढावेत. हा विचार ज्या खेळात पहिल्यापासून मुरलेला दिसतो तो म्हणजे निन्टेन्डोचा स्प्लाटून. २०१५ पासूनच्या त्याच्या तिन्ही भागांत जायरो सुरुवातीलाच चालू असतो, उजवी स्टिक फक्त आडवे वळवते, वरखाली पाहणे पूर्णपणे हातावर सोपवलेले असते आणि हात वेडावाकडा झाला तर एक बटण दाबून दृश्य समोर आणता येते. फोर्टनाइटमध्ये २०२२ पासून फ्लिक स्टिक नावाची आणखी एक सोय आहे. तिच्यात स्टिक ज्या दिशेला ढकलावी त्या दिशेला तोंड क्षणात वळते आणि बारीक काम जायरो करतो. ही कल्पना जिब स्मार्ट या प्रोग्रामरने मांडली. माझ्या मते ती हुशारीची आहे, पण नवख्याने पहिल्याच दिवशी तिच्या वाटेला जाऊ नये.

तुम्ही सुरुवात अशी करावी. जायरो फक्त डाव्या तर्जनीखालचे एल-टू बटण दाबून नेम धरल्यावरच चालू राहील असे ठेवा. बीजीएमआय खेळणारे ज्याला 'स्कोप ऑन' म्हणतात तेच हे. पट दोन ते तीनच्या आसपास ठेवा. जास्त ठेवली तर हाताचा प्रत्येक कंप पडद्यावर उमटेल आणि कमी ठेवली तर मनगट पिळावे लागेल. एम असिस्ट लगेच बंद करू नका. पहिला आठवडा तुम्ही आधीपेक्षा वाईट खेळाल, आणि भाच्यासमोर ते सोसणे जड जाईल हे मी जाणतो.

एक गोष्ट मात्र भाच्यालाही सांगावी. ज्या खेळात एम असिस्ट जबरदस्त आहे आणि लढती अगदी जवळून होतात, तिथे कसलेला स्टिकवाला आजही भारी पडू शकतो, कारण काही खेळ जायरो चालू होताच ती मदत कमी करतात किंवा काढून घेतात. हा दोष जायरोचा नव्हे, पण हार ती हारच.

प्रश्न : माझ्याकडे एक्सबॉक्स सिरीज एस आहे. सेटिंग्जमध्ये जायरो कुठेच सापडत नाही. — एक विद्यार्थी, विजापूर रोड

उत्तर : सापडणार नाही, कारण एक्सबॉक्सबरोबर येणाऱ्या कंट्रोलरमध्ये जायरोस्कोप नाही. बाहेरच्या कंपन्यांचे काही कंट्रोलर जायरोची हालचाल स्टिकच्या हालचालीत रूपांतरित करून देतात, पण मग वर सांगितलेले स्टिकचे सगळे दोष त्यात परत येतात. त्यावर पैसे घालू नयेत. घरात बऱ्यापैकी संगणक असेल तर प्लेस्टेशनचा कंट्रोलर किंवा निन्टेन्डोच्या स्विच या यंत्राचा प्रो कंट्रोलर त्याला जोडून स्टीमवर, म्हणजे संगणकावरील खेळांच्या ऑनलाइन दुकानातून घेतलेल्या खेळांत, जायरो वापरता येतो.

प्रश्न : मी जायरो लावला आहे, पण कंट्रोलर स्थिर धरूनही नेम हळूहळू डावीकडे सरकत राहतो. नवी पेठेतील एका दुकानदाराने स्टिक बदलण्याचा खर्च सांगितला आहे. बदलून घ्यावी का? — एक वाचक, रेल्वे लाइन्स

उत्तर : थांबा. आधी जायरो पूर्ण बंद करून, दोन्ही अंगठे उचलून पाहा. तरीही नेम सरकत असेल तर दोष स्टिकचा आहे. तिच्याखालचा वाहक थर घासून झिजतो आणि मधली जागा चुकते. तेव्हा दुकानदाराचे म्हणणे खरे. जायरो बंद केल्यावर सरकणे थांबत असेल तर स्टिक निर्दोष आहे आणि तिच्यावर खर्च करणे व्यर्थ आहे.

जायरोस्कोप स्थिर असतानाही त्याचे मोजमाप अगदी शून्य नसते. ही शून्याची चूक यंत्र वजा करत असते, पण ती तापमानानुसार बदलते. सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यांत, पारा ४२ अंशांच्या घरात असताना, कूलरच्या गार झोतात ठेवलेला कंट्रोलर हातात घेऊन तापू लागला की जुने शून्य चुकीचे ठरते. म्हणून कंट्रोलर दहा मिनिटे वापरून झाल्यावर सपाट टेबलावर हात न लावता ठेवावा आणि तेव्हा कॅलिब्रेट करावा, म्हणजे त्याचे शून्य नव्याने ठरवून घ्यावे. स्विचमध्ये त्यासाठी सेटिंग्जमध्ये वेगळी सोय आहे, स्टीमवरही आहे. पलंगावर किंवा मांडीवर ठेवून कॅलिब्रेट करू नये, कारण तुमच्या श्वासाबरोबर होणारी हालचालसुद्धा त्यात मिसळते.

प्रश्न : मी यंत्रमागावर काम करीत होतो. सहा वर्षांपूर्वी उजव्या अंगठ्याचे वरचे पेर गेले. तेव्हापासून स्टिकने नेम धरता येत नाही, अंगठा घसरतो. मुलगा म्हणतो की जायरोवर तुम्हांला खेळता येईल. हे खरे आहे, की माझे मन राखण्यासाठी तो बोलतो? — एक वाचक, अक्कलकोट रोड

उत्तर : तुमचा मुलगा खरे बोलतो. चारही पत्रांत जायरोचा सर्वांत मोठा लाभ तुम्हांला होईल असे मला वाटते, कारण तुमचे मनगट आणि तर्जनी शाबूत आहेत आणि या पद्धतीत बारीक काम त्यांच्याकडेच जाते. गोळी तर्जनीनेच, आर-टू बटणावर झाडायची असते. उजव्या अंगठ्याकडे उरते ते फक्त मोठे वळण. त्यात अचूकता लागत नाही. अंगठ्याच्या बुडाने ढकलले तरी भागते. त्यातही स्टिकवर चढवायची रबरी टोपी मिळते, तिने घसरणे कमी होते.

तेही जमले नाही, तर पट वाढवून सगळे वळणे जायरोवर घ्यावे आणि हाताला जागा उरली नाही की जायरो थांबवणारे बटण दाबून कंट्रोलर पुन्हा मध्यावर आणावा, जसा माउस उचलून मागे ठेवतात. ज्या खेळात असे बटण ठरवता येते तोच खेळ निवडावा. अनेक खेळांत साउथपॉ नावाचा पर्यायही असतो, ज्यात दोन्ही स्टिकची कामे अदलाबदल होतात आणि पाहण्याचे काम डाव्या अंगठ्याकडे येते; पण मग चालण्याचे काम उजव्याकडे जाते. चालायला कमी अचूकता लागत असली तरी तिथे अंगठा सतत दाबून धरावा लागतो, म्हणून तुमच्यासाठी मी तो दुसऱ्या क्रमांकावर ठेवीन.

नवे यंत्र घेण्याची घाई करू नका. मुलाच्या मोबाइलवर बीजीएमआय असेल तर त्यातील सरावाच्या मैदानात जायरो 'ऑलवेज ऑन' ठेवून आठवडाभर रोज थोडा वेळ नुसत्या उभ्या लक्ष्यांवर नेम धरा. फोन दोन्ही हातांनी, कोपरे मांडीवर टेकवून धरा, आणि गोळी झाडण्याचे बटण पडद्याच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात सरकवून घ्या, म्हणजे उजव्या अंगठ्याला त्या आठवड्यात काहीच काम उरणार नाही.