खात्यात जाऊन बघ

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू सात प्रमाणपत्रं टेबलावर मांडलीस आणि विचारलंस, "काका, पुण्याला जाऊन आता आठवा कोर्स कुठला लावू?" तेव्हा मी गप्प बसलो. रात्री झोप लागेना, म्हणून लिहितोय.

कोर्स राहू दे. आमच्या टॉवेलच्या कारखान्यात खाली, जिथं माल तयार होतो त्या खात्यात जाऊन बघ.

टॅली, एक्सेल, जीएसटी, सगळं तुझ्या फाइलीत आहे. मी सहज विचारलं, 75 बाय 150 सेंटिमीटरचा टॉवेल, 450 जीएसएम, वजन किती? तू फोन काढलास. अगं, जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरला किती ग्रॅम, एवढंच. 1.125 गुणिले 450, म्हणजे 506 ग्रॅम. गुणाकार तुला येतोच. पण काट्यावर टॉवेल बरोबर 506 कधी भरत नाही. किती फरक गिऱ्हाईक चालवून घेतं, हे पॅकिंगच्या बाईंना तोंडपाठ असतं. ते त्यांच्याजवळ उभं राहूनच कळतं.

मी उभा राहिलो नव्हतो. बी.कॉम. फर्स्ट क्लास, अक्कलकोट रोड एमआयडीसीत नोकरीचा चौथा महिना. वर ऑफिसात बसून ऑर्डरच्या कागदावरून पॅकिंग लिस्ट केली, म्हणजे किती बॉक्स आणि कशात काय, याची यादी. खाली शेवटच्या दिवशी बॉक्स बदलले होते; माल तेवढाच, पण बॉक्स 18 जास्त. यादी जुळेना, कंटेनर बंदरात अडकला. मालक एक शब्द बोलले नाहीत. पॅकिंगचे मामा एवढंच म्हणाले, "खाली आला असता तर सांगितलं असतं की." एका जिन्याचं अंतर होतं. तो जिना मी का उतरलो नाही, हे अजून मला सांगता येत नाही.

म्हणून म्हणतो, जाऊन बघ. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं पदवीतच इंटर्नशिप आणली. 2024 ची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली, पदवीधराला महिना 10,000 विद्यावेतन ठेवलं. आणि पोरं काय करतात? ओळखीच्या दुकानाचा शिक्का आणून मोकळी होतात. चीड येते मला. शिक्का घेऊन आलेल्या पोराला मी काम कुठलं देऊ?

आणि एक. लहानपणी तू वडिलांच्या विणायच्या मागासाठी सुताच्या कांड्या भरायचीस. मागाचा आवाज बदलला की वडील बघायच्या आधी उठतात, हे तूच मला सांगितलंस. बायोडेटात त्याची ओळ का नाही? लाज वाटली? माझ्याकडे आलेल्या कुठल्याच फाइलीत ती ओळ नव्हती, आणि मला तीच हवी होती.

माझे मित्र पुण्याला गेले, मोठे झाले. मी सोलापुरातच राहिलो, आणि राहिलो ते बरोबरच केलं. त्या कंटेनरनंतर बॉक्स स्वतः मोजल्याशिवाय मी एकाही पॅकिंग लिस्टवर सही केलेली नाही. याला कुणी अडाणीपणा म्हणो.

परवा सकाळी साडेआठला ये. फाइल नको, वही आण. माझ्या केबिनमध्ये येऊ नकोस, सरळ खाली काट्यापाशी जा. बाईंना सांगून ठेवलंय.

तुझा,
काका