एक लाइन बंद पडल्यावर गाड्या कशा सोडायच्या, हे सिम्युलेशनने ठरवता येतं का?

तुम्ही विचारलंय की इतके अनुभवी कंट्रोलर असताना खोळंब्याच्या वेळी कॉम्प्युटर सिम्युलेशन हवंच कशाला. मी रेल्वे वाहतुकीची मॉडेल तयार करण्याचं काम करतो. माझ्या मते ते हवं, कारण आपल्या निर्णयाचा पुढच्या दोन गाड्यांवर होणारा परिणाम कंट्रोलरला चटकन दिसतो, पण सहाव्या-सातव्या गाडीचं काय होईल हे डोक्यात मांडणं कोणालाही जड जातं.

एक हिशेब करून बघा. दोन स्टेशनांमध्ये 12 किलोमीटर अंतर आहे आणि दोनपैकी एक लाइन बंद आहे. ताशी 60 किलोमीटरने एका गाडीला 12 मिनिटं लागतात. इकडची एक, तिकडची एक अशा सोडल्या, तर तासाला 5 गाड्या जातात. त्याऐवजी एका दिशेच्या 3 गाड्या चार-चार मिनिटांनी पाठोपाठ सोडल्या, तर 20 मिनिटांत 3, म्हणजे तासाला 9. जवळपास दुप्पट! मग 5-5 का नकोत? त्याने आकडा जेमतेम साडेदहाच्या पुढे सरकतो आणि तोवर पलीकडच्या स्टेशनात गाड्या साचत जातात. तिथल्या सगळ्या लाइन भरल्या, की येणाऱ्या गाडीला आत घ्यायला जागा नाही आणि ती आत आल्याशिवाय उभ्या गाड्यांना बाहेर पडता येत नाही. अशी कोंडी सोडवण्यात तासच्या तास जातात.

कागदावरचा हिशेब इथवरच चालतो. चढ, गाडीची लांबी, ब्रेक लागायला लागणारं अंतर, सिग्नल मिळायला लागणारे सेकंद, हे सगळं सिम्युलेशनमध्ये धरता येतं. भरलेली मालगाडी लाल सिग्नलला एकदा थांबली की तिला पुन्हा वेग घ्यायला फार वेळ लागतो, म्हणून तिला थांबवण्यापेक्षा आधीपासूनच हळू आणणं बरं. स्वित्झर्लंडमधला 34.6 किलोमीटरचा लोट्शबर्ग बोगदा 2007 मध्ये सुरू झाला. त्याच्या मोठ्या भागात एकच लाइन आहे. तिथली यंत्रणा हेच करते: पुढे कोणत्या गाड्या एकमेकींच्या आड येतील ते आधीच ताडून चालकाला योग्य वेग कळवते.

खरी अडचण वेगळीच आहे. दुरुस्तीला किती वेळ लागेल हे कोणीच खात्रीने सांगू शकत नाही. म्हणून मी अर्धा तास, एक तास, दीड तास असं धरून तेच मॉडेल पुन्हा पुन्हा चालवतो आणि तिन्हींत तग धरणारी योजना निवडतो. एखाद्या अंदाजात ती सर्वोत्तम नसली तरी चालेल. आणि उत्तर दोन-तीन मिनिटांत हाती आलं पाहिजे, नाहीतर तोवर गाड्या पुढे गेलेल्या असतात.

आणखी एक करतो. झालेला खोळंबा दुसऱ्या दिवशी मॉडेलमध्ये पुन्हा घडवतो आणि कंट्रोलरला शेजारी बसवतो. ‘ही गाडी इथून लगेच निघूच शकत नाही, चालक बदलायचा असतो,’ असं ते पटकन सांगतात. मॉडेलमध्ये ते धरलेलंच नसतं.