एअर शो हवेत, पण जरा उंचावरून

जानेवारी 2024 मध्ये मरीन ड्राइव्हवर भाच्याला घेऊन एअर शो पाहिलात, वायुदलाच्या सूर्यकिरण या कसरती करणाऱ्या चमूची नऊ विमानं आली तेव्हा हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवल्यात, आणि दुबईच्या एअर शोमध्ये आपलं तेजस लढाऊ विमान पडल्याचा व्हिडिओ पाहिल्यापासून त्या टाळ्यांची लाज वाटते आहे, असं तुम्ही लिहिलंत. लोकांना दाखवण्यासाठी वैमानिकाचा जीव धोक्यात घालावा का, हा तुमचा प्रश्न. भाचा आता पायलटच व्हायचं म्हणतो, त्याला काय सांगू, हा दुसरा.

ताई, लाज वाटून घेऊ नका. मी वायुदलात वीस वर्षं इंजिन फिटर होतो, आता गिरगावात राहतो, आणि त्या दिवशी मीही तिथेच होतो. टाळ्या मीही वाजवल्या.

माझं मत आधी सांगतो. एअर शो व्हावेत. पण जमिनीलगतच्या कसरती त्यातून काढून टाकाव्यात. त्या काढल्या तर मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसलेल्या माणसाचं काहीही जाणार नाही.

धोका नेमका कुठे असतो ते बघा. ताशी 600 किलोमीटरने जाणारं जेट सेकंदाला जवळपास 167 मीटर कापतं. ते तीस अंशांत खाली येत असेल, तर सेकंदाला ऐंशीएक मीटर उंची जाते. जमीन दीडशे मीटरवर असेल तर वैमानिकाच्या हातात दोन सेकंदही नाहीत. तेवढ्यात चूक लक्षात यायची, हात हलायचा, विमानाने ऐकायचं. हीच चूक दीड हजार मीटरवर झाली तर ती डीब्रीफिंगमध्ये, म्हणजे उड्डाणानंतरच्या चर्चेत, फळ्यावर काढून दाखवतात आणि संध्याकाळी सगळे मेसमध्ये जेवायला असतात. वैमानिकाला विमानाबाहेर फेकणारी इजेक्शन सीट आहे ना, असं लोक विचारतात. आजच्या सीट जमिनीवर थांबलेल्या विमानातूनही माणसाला सुखरूप बाहेर काढतात हे खरं. पण विमान वेगाने खाली कोसळत असेल किंवा कुशीवर कललेलं असेल, तर सीटलाही तिचा वेळ आणि तिची दिशा मिळत नाही.

2015 साली इंग्लंडमध्ये शोरहॅमच्या शोमध्ये एक जुनं हॉकर हंटर लढाऊ विमान लूप, म्हणजे हवेत उभं वर्तुळ, घेताना हमरस्त्यावर कोसळलं. रस्त्यावरची 11 माणसं गेली, वैमानिक वाचला. चौकशीत निघालं की लूपच्या माथ्यावर किमान 3,500 फूट उंची हवी होती आणि विमान पोचलं होतं 2,700 फुटांच्या आसपास. त्या क्षणी लूप सोडून, विमान सरळ करून निघून जाता आलं असतं. म्हणजे उंचीचा नियम होता, सुटकेची वाटही होती, आणि तरी हे झालं. लूप घेणाऱ्या माणसाच्या शरीराने वर चढताना आपल्या वजनाच्या कित्येक पट ओझं नुकतंच सोसलेलं असतं, रक्त डोक्यातून पायांकडे ओढलं गेलेलं असतं, आणि त्यातून सावरता सावरता त्याने माथ्यावर उंचीचा काटा वाचून निर्णय घ्यायचा असतो. मोठी उंची ठेवायची ती यासाठी. उत्तम वैमानिकाकडूनही एखादा आकडा निसटतो.

21 नोव्हेंबर 2025 ला दुबईत त्या तेजसचे वैमानिक विंग कमांडर नमांश स्याल गेले. का, ते व्हिडिओवरून ठरवणं हा गेलेल्या माणसावर अन्याय आहे, मी ते करणार नाही. पण विमान खाली येताना त्यांना सावरायला जागा उरली नव्हती, एवढं त्यात कुणालाही दिसतं. त्यानंतर थोड्या वेळाने शो पुढे सुरू झाला. अमेरिकेच्या एफ-16 चमूने मात्र आपलं उड्डाण रद्द केलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पोलंडमध्ये राडोमला सरावात एफ-16 पडून वैमानिक गेला, तेव्हा तिथला सगळा शोच रद्द झाला. मला राडोमचं बरोबर वाटतं. ज्याच्याबरोबर सकाळी चहा घेतला त्याचं विमान जळत असताना दुसऱ्याला वर पाठवू नये. मन ठिकाणावर नसलेला वैमानिक हा स्वतःच एक धोका असतो.

आता जे सहसा कुणी बोलत नाही ते सांगतो. आपण शो बघतो तासभर, आणि आपल्या देशात त्याची किंमत बहुतेक वेळा सरावात मोजली गेली आहे. सूर्यकिरणने 2006 मध्ये बिदरजवळ दोन वैमानिक गमावले, 2009 मध्ये पुन्हा तिथेच एक. वायुदलाच्या सारंग या हेलिकॉप्टर चमूचं ध्रुव 2007 मध्ये बंगळूरजवळ येलहंकाला एअरो इंडिया या विमान प्रदर्शनाच्या तयारीत पडलं. 2019 मध्ये तिथेच, प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी, सूर्यकिरणची दोन हॉक विमानं एकमेकांवर आदळली आणि विंग कमांडर साहिल गांधी गेले. प्रत्यक्ष शोमध्येही अपघात झाले आहेत, जसा 2010 चा हैदराबादचा, नौदलाच्या सागर पवन या कसरती करणाऱ्या चमूचा. दोन अधिकारी गेले. वर सांगितलेल्या बाकी ठिकाणी टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं. तेव्हा धोक्याचा हिशेब करताना त्या तासाआधीचे सरावाचे आठवडेही धरायला हवेत.

आम्ही खाली असायचो. वैमानिक बसला की त्याचे पट्टे आवळायचे, सीटच्या पिना काढायच्या आणि त्याला एकेक मोजून दाखवायच्या. तो मान हलवतो, मग शिडी काढायची. विमानं गेली की फ्लाइट लाइनवर, म्हणजे ती उभी असतात त्या जागेवर, करण्यासारखं काही उरत नाही. परत यायची वेळ झाली की सगळे आपोआप बाहेर येऊन उभे राहतात. कुणी कुणाला बोलावत नाही. आकाशाकडे बघून प्रत्येक जण मनात मोजत असतो. माझ्या नोकरीत एकदा तो आकडा एकाने कमी भरला. त्याबद्दल याहून जास्त लिहवत नाही.

एवढं असून मी शो हवेत म्हणतो, कारण मी स्वतः अशाच एका दिवसातून आलो आहे. शाळेत असताना डोक्यावरून विमानांची रांग गेली, वर्ग सोडून आम्ही गच्चीवर पळालो, आणि मला काय व्हायचं ते त्या दोन मिनिटांत ठरलं. आमच्या चाळीत सैन्यात कुणी नव्हतं. ज्या घरांचा वायुदलाशी काही संबंध नाही, तिथल्या पोरांपर्यंत ते दुसऱ्या कोणत्या वाटेने पोचणार? शिवाय पंखाला पंख लावून उडणं हे उगाचचं काम नाही. नजर, शिस्त, शेजाऱ्यावरचा भरवसा यांचं ते प्रशिक्षणच आहे. पण गर्दीसमोर जमिनीलगत लूप पूर्ण करायची गरज लढाईत पडत नाही. ती फक्त आपल्यासाठी असते.

‘ते स्वेच्छेने जातात’ हे उत्तर मला पटत नाही. जातात, मान्य. पण चमूत निवडला गेलेला माणूस ‘सर, जरा उंचावरून करू या’ असं सहजी म्हणत नाही. ते म्हणण्याची जबाबदारी परवानगी देणाऱ्याची आणि बघणाऱ्यांची आहे.

मुंबईत तर हे जास्तच लागू आहे. समुद्रावर शो केला की विमान लोकांवर पडण्याची भीती कमी होते, हे चांगलंच. 2002 मध्ये युक्रेनमध्ये ल्विव्हच्या शोमध्ये सुखोई लढाऊ विमान गर्दीत घुसलं आणि 77 माणसं गेली, ते इथे टळतं. पण पाण्यावर उंचीचा अंदाज डोळ्यांना नीट येत नाही, जानेवारीत धुरक्यामुळे आभाळ आणि समुद्र यांची रेघ पुसट होते, आणि आपल्या घारी तर दुपारी नरिमन पॉइंटपासून मलबार हिलपर्यंत घिरट्या घालतच असतात. शिवाय साधी गोष्ट: गर्दीत चौथ्या रांगेत उभं राहिलेल्याला खालून गेलेलं विमान दिसतच नाही, पुढच्यांची डोकी आणि मोबाइल दिसतात. उंचावरून गेलेली नऊ विमानं सगळ्यांना दिसतात. तुम्हाला त्या दिवसाचं काय आठवतं, विचार करून बघा. मला तरी धुराचे पट्टे आठवतात, आणि ते खूप वर होते.

भाच्याला घाबरवू नका आणि अपघात लपवूही नका. नमांश स्यालांचं नाव त्याला माहीत असू द्या. मुंबईत पुन्हा शो लागला तर आदल्या दिवशी सराव होईलच, तेव्हा गर्दीही कमी असते. त्याला चौपाटीच्या टोकाला घेऊन या, मीही असेन. येताना किती विमानं आली ते मोजायला सांगा, आणि जाताना पुन्हा मोजायला सांगा.