दमा दुधातून उतरत नाही

प्रश्न : मला लहानपणापासून दमा आहे. बाळ तीन महिन्यांचं आहे, अंगावरच पितं. सासूबाई म्हणतात, तुझ्या दुधातून दमा त्याच्यात उतरेल, पावडरचं दूध सुरू कर. शेंगदाणे, अंडी मला बंद केली आहेत. दुधात औषध जाईल या भीतीने मी पंपही घेत नाही. बाळाला रोज अंघोळीनंतर धुरी देतो. काय करू?
– एक आई, सांगली

उत्तर : अगं, आधी पंप सुरू कर. डॉक्टरांनी दिलेला दम्याचा पंप अंगावर पाजताना चालतो. औषध थेट फुप्फुसात जातं, दुधात येतं ते अगदी नगण्य. तुलाच धाप लागली तर बाळाला कोण बघणार?

दम्याची प्रवृत्ती आईवडिलांकडून जन्मतःच येते, दुधातून नाही. उलट तुझ्या दुधातली प्रतिपिंडं, म्हणजे जंतूंशी लढणारी प्रथिनं, बाळाच्या घशा-आतड्यांच्या अस्तरावर पहारा देतात. दुधातल्या काही साखरा बाळाला पचतही नाहीत, त्या पोटातल्या चांगल्या जंतूंसाठीच असतात. म्हणून अंगावर पिणाऱ्या बाळांना छातीचे संसर्ग आणि घरघर कमी होते. सहा महिने फक्त तुझंच दूध दे.

पण यात हमी नाही, हेही सांगते. बेलारूसमध्ये १९९६-९७ साली सुमारे १७,००० बाळांचा अभ्यास सुरू झाला. जिथे आयांना स्तनपानासाठी जास्त मदत मिळाली, तिथे पहिल्या वर्षात इसब बराच कमी दिसला. साडेसहाव्या वर्षी दमा-ॲलर्जीत मात्र फरक नव्हता. त्यामुळे पुढेमागे बाळाला दमा निघालाच, तर माझं दूध कमी पडलं असं मनातसुद्धा आणू नकोस.

शेंगदाणे, अंडी खुशाल खा. तू पथ्य पाळल्याने बाळाची ॲलर्जी टळत नाही. सहा महिन्यांनंतर त्यालाही शेंगदाण्याचं अगदी बारीक कूट पेजेत कालवून थोडं थोडं दे, अख्खा दाणा कधीच नको. अंगावर इसबाचे मोठे चट्टे असतील तर आधी डॉक्टरांना विचार.

खरी काळजी मला त्या धुरीची वाटते. निखाऱ्यांवर ओवा, धूप टाकून बाळाला वर धरायचं, म्हणजे कोवळ्या फुप्फुसात धूर भरायचा. ती आजपासून बंद. पाळण्याखालची डासांची कॉइल, घरातली विडी-सिगारेटही बंद, मच्छरदाणी लाव. सासूबाईंना हे तुझ्या तोंडून पटणार नाही. पुढच्या लसीच्या वेळी त्यांनाच सोबत ने आणि धुरीचा प्रश्न डॉक्टरांना त्यांच्यासमोरच विचार.