डेटाबेसमधला माल गूगलला का दिसत नाही?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: मुंबईच्या लोहार चाळीत वडिलांचं इलेक्ट्रिक सामानाचं दुकान, साइटवर 4,200 वस्तू, सगळ्या डेटाबेसमध्ये नीट भरलेल्या. साइटच्या सर्चमध्ये नाव टाकलं की वस्तू निघते, पण गूगलवर जेमतेम वीस पानं आली आहेत. डेव्हलपर म्हणतो, साइट डायनॅमिक आहे, असंच होणार, सगळी पानं स्टॅटिक करून घ्या. त्याचे पैसे द्यावेत का?

त्यासाठी तरी देऊ नका. पान डेटाबेसमधून तयार होतंय की आधीच लिहून ठेवलेली फाइल आहे, याने गूगलला फरक पडत नाही. पानाच्या पत्त्यात (यूआरएलमध्ये) प्रश्नचिन्ह असलं तरी चालतं. डायनॅमिक पत्ते आम्ही वाचतो, ते नुसते स्टॅटिक दिसावेत म्हणून बदलत बसू नका, असं खुद्द गूगलनं 2008 मध्येच सांगितलं होतं.

अडचण वेगळीच आहे. तुमच्या गल्लीत सगळा माल काही काउंटरवर मांडलेला नसतो. गिऱ्हाईक येतं, ‘32 अँपिअरचा डबल पोल एमसीबी द्या’ म्हणतं, आणि पोऱ्या माळ्यावर चढून काढून आणतो. तुमची साइट तशीच बांधलेली आहे. मागितलं तर मिळतं. पण गूगलचा बॉट, म्हणजे पानं वाचत फिरणारा त्याचा प्रोग्राम, काही मागत नाही. तो पानावरच्या लिंका धरून पुढे पुढे जातो. सर्चमध्ये एमसीबी लिहून बघेल, यावर विसंबता येत नाही. ‘आणखी दाखवा’ हे बटणही तो दाबत नाही. म्हणून होमपेजवरून स्विचगिअर, तिथून एमसीबी, तिथून पान 1, 2, 3 आणि प्रत्येक पानावरून एकेका वस्तूकडे जाणारी साधी लिंक, असा रस्ता हवाच. जावास्क्रिप्ट बंद करून, सर्च न वापरता, एखाद्या कोपऱ्यातल्या वस्तूपर्यंत पोचता येतं का ते स्वतः करून बघा. गूगल जावास्क्रिप्ट चालवतो हे खरं, पण साध्या लिंका असल्या की त्यावर अवलंबून राहावं लागत नाही.

सूचीच्या दुसऱ्या-तिसऱ्या पानाचा कॅनॉनिकल टॅग, म्हणजे ‘मुख्य पान हे’ असं गूगलला सांगणारी खूण, पहिल्या पानाकडे वळवू नका. त्या पानांवरच्या वस्तू वेगळ्या आहेत, त्यांचा कॅनॉनिकल त्यांचाच.

आता फिल्टर. पोल चार प्रकारचे, अँपिअर आठ, ब्रँड बारा, सॉर्टच्या पद्धती चार. प्रत्येक फिल्टर रिकामाही ठेवता येतो, म्हणजे एकट्या एमसीबीचे 5 × 9 × 13 × 4, एकूण 2,340 पत्ते. पत्त्यातल्या फिल्टरांचा क्रम बदलला की तेच पान आणखी एका पत्त्यावर. काही हजार पानांच्या साइटला क्रॉल बजेटची (बॉट एका साइटवर किती पानं वाचेल त्या मर्यादेची) काळजी करायची गरज नसते, पण तुमच्या 4,200 वस्तूंचे असे लाखो पत्ते होतात.

हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तुमच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर, नागदेवीतल्या एका बेअरिंगच्या दुकानाची साइट मी केली होती. चार महिने झाले तरी 6205, म्हणजे त्यांच्याकडे रोज खपणारं बेअरिंग, गूगलवर नव्हतं. एका रात्री सर्व्हरचा अ‍ॅक्सेस लॉग, म्हणजे कोण कुठलं पान उघडून गेलं त्याची नोंद, उघडून बसले. बॉटच्या ओळींवर ओळी होत्या. तीच सूची किंमत चढती, तीच उतरती, तीच ब्रँडनुसार, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी नवा सेशन आयडी, म्हणजे त्या भेटीचा क्रमांक. बॉट कुकी ठेवत नाही, म्हणून साइट दर वेळी त्याला नवा आयडी पत्त्यात चिकटवून देत होती, आणि तेच पान त्याला दर वेळी नवं वाटत होतं. 6205 च्या स्वतःच्या पानावर आठवड्याभरात तो एकदाही गेला नव्हता.

ते पान उघडलं तर त्याचं टायटल ‘उत्पादन तपशील’. सगळ्याच वस्तूंचं तेच. 25 मिमी बोअर, 52 बाहेरचा व्यास, 15 रुंदी ही मापं डेटाबेसच्या रकान्यांत होती, पानावर मात्र कॅटलॉगचा स्कॅन केलेला फोटो. माणसं ‘6205 झेडझेड’ असं टाइप करून शोधतात आणि आमच्या पानावर ते अक्षरांत कुठेच नव्हतं! टेम्पलेटमध्ये, म्हणजे सगळ्या वस्तूंच्या पानांच्या एकाच साच्यात, टायटलसाठी नंबर, सील, ब्रँड हे रकाने जोडले आणि मापांचा तक्ता छापला. डेटाबेस असल्याचा फायदा हाच, एक ओळ बदलली की सगळी पानं सुधारतात. तुमच्याकडेही पोल, अँपिअर, कर्व्ह हे टायटलमध्ये यायला हवेत.

सेशन आयडी पत्त्यातून काढला. फिल्टरच्या बाबतीत मात्र माझी चूक झाली. ते पत्ते रोबोट्स फाइलमध्ये (बॉटनं कुठे येऊ नये ते सांगणारी फाइल) अडवले आणि वर त्यांच्यावर नोइंडेक्सही लावलं, म्हणजे ‘हे पान इंडेक्समध्ये, गूगलच्या यादीत, घेऊ नका’ ही पानावरची खूण. बॉटला आतच येऊ दिलं नाही तर नोइंडेक्स त्याला दिसणार कसं? आधी इंडेक्समध्ये गेलेले पत्ते कितीतरी महिने तसेच राहिले. तुम्ही आधी नोइंडेक्स लावून दार उघडं ठेवा आणि ते पत्ते गळाले की मगच अडवा. सर्च कन्सोलमध्ये (गूगलचं साइटमालकांसाठीचं साधन) पॅरामीटर, म्हणजे पत्त्यातले प्रश्नचिन्हापुढचे भाग, ठरवा, असा सल्ला जुन्या लेखांत मिळेल. ती सोय 2022 मध्ये बंद झाली.

साइटमॅप, म्हणजे गूगलला द्यायची साइटच्या पत्त्यांची यादी, डेटाबेसमधूनच बनवा. एका फाइलला 50,000 पत्त्यांची मर्यादा आहे, तुम्हाला एक पुरेल. बदलाची तारीख मात्र खरी द्या. रोज रात्री सगळ्यांना आजची तारीख लावली की गूगल त्या तारखेवर विश्वास ठेवत नाही. प्रायॉरिटीचे (कुठलं पान किती महत्त्वाचं याचे) आकडे तो बघतच नाही.

माल संपला तर पान उडवू नका, ‘सध्या नाही’ लिहा. कायमचा बंद झाला आणि त्याच्या जागी दुसरं मॉडेल आलं असेल तर 301 ने (‘पान कायमचं हललं’ हे सर्व्हरचं उत्तर) तिकडे पाठवा, नाहीतर खरा 404 (‘असं पान नाही’) द्या. ‘वस्तू सापडली नाही’ असं पान दाखवायचं आणि सर्व्हरनं 200 (‘सगळं ठीक’) म्हणायचं, हे नको.

मराठी वर्णनांबद्दल एक गोष्ट तपासाच. मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केला असेल तर पडद्यावर मराठी दिसतं, डेटाबेसमध्ये मात्र भलतीच अक्षरं असतात आणि गूगल तीच वाचतो. दोन ओळी कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट केल्या की लगेच कळेल. पत्त्यात देवनागरी चालते, पण कॉपी केल्यावर एकेक अक्षर नऊ चिन्हांचं होतं आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना लिंक भलतीच लांबते. मी टायटल मराठी आणि पत्ता रोमन ठेवते.

आधी सूचीच्या लिंका आणि टायटल, मग फिल्टर, मग साइटमॅप. हे झालं की सर्च कन्सोलचा पेज इंडेक्सिंग अहवाल उघडा. पानं ‘डिस्कव्हर्ड’मध्ये अडकली असतील तर बॉटला पत्ता माहीत आहे, पण तो अजून आलेला नाही: लिंका आणि सर्व्हरचा वेग बघा. ‘क्रॉल्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड’ असेल तर तो येऊन गेला आणि पान ठेवलं नाही. तिथे बहुधा मजकूर कमी किंवा एकसारखा असतो. तुमच्याकडे कुठला आकडा मोठा आहे ते कळवा, म्हणजे पुढचं सांगते.